तुळईखाली

स्वयंपाकघराचं दार अडकलं, तेव्हा थर्झाच्या दोन्ही हातांत ताटं होती. सकाळी हे दार बोटानं ढकललं तरी उघडत होतं. तिनं कंबरेनं धक्का दिला, मग खांद्यानं. दार हललं नाही. चौकटच खाली बसली होती.

पब चारशे वर्षांचा. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. खालच्या खोलीत मधोमध, तुळईला आधार म्हणून, एक खांब होता. गिऱ्हाइकांची डोकी आपटतात, शिवाय टेबलं मावत नाहीत, म्हणून तिच्या नवऱ्यानं, डेन्झिलनं, तो मागच्या महिन्यात कापून काढला. वरच्या खोलीत आज लग्नाची मंडळी नाचत होती.

थर्झा अंगणातून वळसा घेऊन पुढच्या दारानं आत आली. खिडकीपाशी म्हातारा इनॉक बिअरच्या ग्लासवर तळहात झाकून बसला होता.

"चुना पडतोय पोरी," तो म्हणाला. "वरचं गाणं संपलं की थांबतो. दुसरं लागलं की पुन्हा सुरू."

तिनं वर पाहिलं. तुळईच्या पोटात एक चीर गेली होती. आतलं लाकूड पिवळंधमक, कोरं दिसत होतं.

तिनं डेन्झिलला नाच थांबवायला सांगितलं. ग्लास भरता भरता तो हळू आवाजात म्हणाला, की अजून केक कापायचाय, गावात हसं होईल.

"म्हातारं घर आहे, कुरकुरणारच. तूही दिवसभर कुरकुरतेस, पडलीस का कधी?"

 रात्री पब बंद करायची घंटा थर्झानं भर दुपारी वाजवली. मग वर जाऊन ग्रामोफोन थांबवला आणि केक हिरवळीवर कापायचाय, एकेक जण हलक्या पावलांनी उतरा, असं सांगितलं. मंडळी कुरबुरत उतरली. शेवटी नवरी आली, झगा सावरत.

सगळे बाहेर आले. डेन्झिल दिसेना.

ती दाराशी परत गेली. खांबाच्या जागी ओढलेल्या खुर्चीवर तो उभा होता. दोन्ही तळवे तुळईला टेकलेले. केस चुन्यानं पांढरे झाले होते.

"डेन्झिल, सोड. बाहेर ये."

"तू आधी दारातून लांब हो," तो म्हणाला. "हात काढले तर काय होईल, मला माहीत नाही."