पलीकडचं दार

"ताई, या वेळी तुमच्या सासूबाई म्हणाल्या, भिंतीत ओल आहे," एजंट फोनवर वैतागून सांगत होता. "मागच्या वेळी म्हणाल्या, शेजारचं पोर सतत रडतं."

"शेजारचं पोर म्हणजे आमचंच!"

"तेच ना! मालकच अशी जाहिरात करणार, तर मी भाडेकरू शोधू की कपाळ बडवू?"

तिने फोन ठेवला. खांद्यावरच्या बाळाने तेवढ्यात दुधाची गुळणी टाकली, थेट तिच्या मानेवर.

जुळं घर घ्यायची कल्पना तिचीच. मधे एक भिंत, अलीकडे आपण, पलीकडे भाडेकरू. त्याच्या भाड्यात कर्जाचा बराचसा हप्ता निघेल. बाळ यायच्या आधी हे सगळं किती सोपं वाटलं होतं! पण पलीकडचं दार बंद ते बंदच. आता नवरा छापखान्यातली पाळी संपली की तिथेच जादा कामाला थांबायचा. त्याचे पैसे वर्षअखेरीला एकदम मिळणार होते.

"भाडेकरू आला की जादा काम बंद," त्याने शब्द दिला होता. "मग संध्याकाळी बाळ माझं. तू खुशाल झोप."

खुशाल झोप! त्या दोन शब्दांवर ती दिवस काढत होती.

रविवारी माणसं घर बघायला यायची. ती बाळात अडकलेली, म्हणून सासूबाई किल्ली घेऊन पुढे व्हायच्या. आत जाताना माणसं हसरी असायची. बाहेर येताना चपला शोधायची घाई.

एजंटचा फोन झाल्यावर तिने सरळ विचारलंच. "आई, ओल कुठे आहे हो?"

"आज नसेल, उद्या येईल. खोटं बोलून माणसं आणायची का?"

"पण घर रिकामं ठेवून आपलं कसं भागायचं?"

"रिकामं घर काही खायला मागत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि रोजच्यासारख्या पाय मोकळे करायला बाहेर पडल्या.

तिला सगळं लख्ख दिसलं. नणंदेचं सासरी पटत नव्हतं. लेकीला आणून पलीकडे बसवायचा बेत होता तर! त्यासाठी मुलगा राबून राबून मेला तरी चालेल!

जेवणाच्या वेळी नवरा आला. गालावर हेल्मेटच्या पट्ट्याचे वळ, डोळे लाल. तिने त्याच्या ताटात माशाचा जास्तीचा तुकडा वाढला.

"आईंशी बोल ना रे. तूच मरतोयस यात."

"जाऊ दे गं. आई साधी आहे."

"साधी? आपल्या दोघांना विकून येईल बाजारात!"

तो खाली मान घालून जेवत राहिला. बिचारा. बाळ रडायला लागलं, तशी तीच उठली. दिवसभर खपलेल्या माणसाला काय उठवायचं?

दोन दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. दारात एक नर्स उभी होती. रविवारी तिची ड्यूटी, म्हणून ती एजंटला न विचारताच आली होती. एकटी राहणार. मुलाच्या रडण्याचं विचारलं, तर हसली. "अहो, बाळंतिणींच्या वॉर्डात असते मी. पोर रडलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं."

हिला मिठी मारावी, असं तिला वाटलं. सासूबाई फिरायला गेल्या होत्या. असा योग पुन्हा येणार नव्हता. तिने कपाटातली दुसरी किल्ली काढली, बाळाला कडेवर टाकलं आणि अंगण ओलांडलं.

"ओल-बिल काही नाही हं," ती दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरवत म्हणाली. "उजेड भरपूर. आणि शांतता तर विचारूच नका."

दार उघडलं. आतल्या खोलीत गादीवर पसरून नवरा घोरत होता. उशाशी बसलेल्या सासूबाई वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होत्या.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं! आत्ताच कुठे डोळा लागलाय त्याचा."