काळा दोरा

"अंगावर लोखंड नको," एमआरआयच्या दारात वॉर्डबॉय शिर्केमामा म्हणाले.

स्ट्रेचरवरच्या निनादने अंगठी काढली, कडं काढलं. उरला पायातला काळा दोरा, लोखंडी मण्याचा. नवी गाडी आली तेव्हा आईने गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि त्याला हा दोरा. परवा गाडी उभ्या टँकरवर आदळली. लिंबू-मिरचीला ओरखडासुद्धा आला नाही. निनादचे पाय मात्र तेव्हापासून बधिर होते. "सूज आहे, उतरेल," असं तोच डॉक्टरांना समजावत होता.

मामा कात्री घेऊन पायाशी वाकले.

"मामा, जरा हळू. मला गुदगुल्या फार होतात. आणि दोरा जपून ठेवा, नाहीतर आई गाडीऐवजी त्याचाच पंचनामा करेल."

मामा मूठ मिटून सरळ उभे राहिले.

"अहो, कापा की! घाबरताय काय?"

मामांनी मूठ उघडली. आत तुटलेला दोरा होता. "कापला मघाशीच," ते खाली बघत म्हणाले. "तळव्याला गुदगुल्यापण करून बघितल्या."

स्ट्रेचर आत सरकलं.

"वीस मिनिटं पाय अजिबात हलवायचे नाहीत हं," स्पीकरमधून बाई म्हणाल्या.

"जमेल," निनाद म्हणाला.