चापावरचं बोट

"ताई, हे घ्या. बाईमाणसाला हेच सोपं," म्हणत दुकानदाराने रिकामं पिस्तूल काचेवर ठेवलं.

तिने कडेवरची लेक सावरली आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली होती. वाळूचोरांविरुद्ध साक्ष द्यायचं कबूल केल्यापासून तिच्या घरावर दोनदा दगड आले होते, आणि नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. परवाना हातात पडताच ती इथे आली होती.

आधी दाखवलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप तिला दोन बोटांनीही ओढवला नव्हता. याचा मात्र अलगद ओढला गेला. टक्! तिचा जीव भांड्यात पडला. "हेच बांधा, काका."

"मला! मला!" कुणी काही म्हणायच्या आत लेकीचं इवलंसं बोट चापावर गेलं.

टक्!

लेक खुदकन हसली. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढणारं पोर ते! तिने झटकन पिस्तूल काचेवर ठेवून दूर सारलं.

"ते मघाचंच द्या," ती म्हणाली. "आणि कुलपाची पेटीही."

"अहो, पण ते तुम्हाला ओढवत नाही!"

"ओढवेल. रोज ढीगभर भाकऱ्या थापते मी, काका. बोटाला काय धाड भरलीय?"

काकांनी रिकामं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. लेक त्याला दोन्ही हातांनी झोंबली, रडकुंडीला आली, पण चाप जागचा हलला नाही. तेव्हा कुठे आईला हसू फुटलं. लेकीला खाली उभं करून तिने पदर खोचला, चापावर स्वतःचं बोट ठेवलं आणि दात-ओठ खात ओढू लागली.