दोर सारखाच

पोशा, पोशांचे जानू, जानूंचे बामा आणि बामांची थोरली लेक चांगुणाबाई, अशा चार पिढ्या याच मिठागरावर राबल्या. शेजारचा रघुनाथ म्हात्रे अदलाबदलीचा कागद घेऊन बांधावर आला, तेव्हा चांगुणाबाईंनी त्याला ‘बस’ म्हटले नाही.

“काकी, तुमचा तुकडा मला, माझा तुम्हाला. बांधाभोवती दोर दोन्हीकडे सारखाच लागतो, दोन हजार फूट. मोबाइलवर हिशेब करून दाखवू?”

“तुझा मोबाइल तुझ्याच बाजूने बोलणार. तीन पिढ्यांत म्हात्र्यांनी आम्हाला चिमूटभर मीठही फुकट दिलेले नाही.”

त्यांनी मिठाच्या ढिगावर बोटाने आकडे ओढले. आपला तुकडा तीनशेचाळीस गुणिले सहाशेसाठ, त्याचा चारशेऐंशी गुणिले पाचशेवीस. दोन्हींचा मध्य पाचशे, त्याचा वर्ग अडीच लाख. त्यातून मध्यापासूनच्या फरकाचा वर्ग वजा: आपल्याकडे एकशेसाठचा, त्याच्याकडे केवळ विसाचा. बोट थबकले.

“अरे, तुझाच तुकडा पंचवीस हजार दोनशे चौरस फुटांनी मोठा! मग तू खोट का खातोस? मेख कुठे आहे?”

रघुनाथने मान खाली घातली. “मेख माझ्या आजोबांनी मारली होती, काकी. मोठा तुकडा तुमच्या जानूबाबांचा. दोर सारखा दाखवून आजोबांनी तो बदलून घेतला. जाताना म्हणाले, परत कर.”

चांगुणाबाईंनी कागद दोनदा वाचला, उलटूनही पाहिला. मग सही केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका म्हात्र्याला म्हणाल्या, “बस. सगळे फिटले.”