वीणाने बसवलेला इनटेक

"तुम्ही हात नका लावू," वीणा म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, नरेशने, उचललेला पाना परत ठेवला.

रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्यांच्या गॅरेजात शनिवारची सकाळ चांगलीच तापली होती. लाल गाडीचं बॉनेट उघडं होतं. बॅटरीची तार सोडवून वीणाने एअर बॉक्सचे, म्हणजे हवेच्या डब्याचे, बोल्ट काढायला घेतले होते. बाकड्यावर नवा इनटेक मांडलेला होता: वाकडा ॲल्युमिनियमचा पाइप, जाड रबरी नळी आणि शंकूसारखा फिल्टर. कंपनीच्या डब्यातून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला ती बेताने मिळते, या पाइपातून मोकळी मिळते. दम लागलेल्या माणसाच्या नाकावरचा रुमाल काढावा, तसं.

उद्या, रविवारी, नवा रायपूरकडच्या एका बंद मैदानावर क्लबची वेळेची शर्यत होती. एका वेळी एकच गाडी आणि समोर घड्याळ. गेल्या वर्षी वीणा पहिली आली होती. चारुदत्त एका सेकंदापेक्षाही कमी वेळाने मागे राहिला होता. हा चारुदत्त रायपूरमधल्याच एका मोठ्या ऑफिसात साहेब होता, बोलायला गोड. बक्षीस वाटून झाल्यावर, समोसे खाता खाता, तो वीसेक माणसांसमोर म्हणाला होता, "गाडी नरेश भैयांनी बनवलेली. वहिनींनी फक्त स्टिअरिंग धरलं."

सगळे हसले होते. नरेशही हसला होता. नेमकं तेच वीणाला लागलं होतं.

तिचे वडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. नागपूरहून बदली होऊन आले आणि इथेच राहिले. वयाच्या दहाव्या वर्षी तिला पान्यांचे नंबर पाठ होते. लग्नानंतरची एकोणीस वर्षं ती या गॅरेजात इंजिनं खोलत आली होती. तरी गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "भैया नाहीत का?" काय काम आहे असं तिने विचारलं, की ते स्टुलावर बसून भैयांची वाट बघायचं. बोर्डावर नाव नरेशचंच होतं.

म्हणून आज तिने ठरवलं होतं. पहिल्या बोल्टपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत दुसऱ्या कोणाचाही हात लागणार नाही.

नरेशला हे पटलेलं नव्हतं. सकाळपासून त्याने तीनदा सांगून पाहिलं होतं की एवढी घाई कशाला, सोमवारी बसव, दोन दिवसांनी काय बिघडते. आता तो चौथ्यांदा म्हणाला, "वीणा, उद्या पस्तावशील."

"पस्तावीन तर पस्तावीन."

"काहून एवढा हट्ट करून राहिली?"

जुन्या डब्यावरचा हवा मोजणारा सेन्सर तिने दोन बारीक स्क्रू काढून सोडवला, काचेचा असल्यासारखा नव्या पाइपात बसवला. मग नळी टर्बोच्या तोंडावर चढवली आणि तिच्याभोवतीचा पट्टीचा क्लॅम्प आवळायला घेतला. स्क्रू नुसताच फिरत राहिला. आटे गेलेले. तिने नळी ओढून पाहिली, तर ती बोटभर सरकली. उभ्या गाडीत कळलं नसतं. पण जोरात दाबलं असतं, तर ऐन मैदानात नळी सटकली असती आणि गाडीचा दम तिथेच सुटला असता.

नरेशनेही ते पाहिलं. तो हळूच म्हणाला, "राहू दे तसंच. बॉनेट लावलं की कोणाले दिसते?"

वीणाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"मले दिसते," ती म्हणाली.

भर उन्हात ती स्कूटरवरून निघाली. पहिल्या दोन दुकानांत त्या मापाचा क्लॅम्प नव्हता, तिसऱ्यात मिळाला. परत आली तेव्हा पदर घामाने ओला झाला होता. ती पाणीसुद्धा प्यायली नाही. क्लॅम्प आवळला, नळीला दोन्ही हातांनी हिसका दिला. नळी हलली नाही. बाकीचे जोड पुन्हा एकदा तपासले, तार लावली, इंजिन चालू केलं. कान देऊन ऐकलं. कुठेही हवा गळत नव्हती.

सीट पुढे ओढून ती तेलीबांधा तलावापर्यंत चक्कर मारून आली. मोकळ्या रस्त्यावर जरा दाबलं, तर टर्बोने असा घोट घेतला की तिला एकटीलाच हसू आलं. गाडी खरंच सुटली होती. परत येऊन तिने सीट होती तशी मागे सारली आणि हात धुवायला गेली. नखांतलं काळं काही निघालं नाही.

चारच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली आणि चारुदत्त उतरला. वीणाकडे बघून त्याने हलकेच मान हलवली आणि तो सरळ गाडीपाशी गेला. बॉनेट अजून उघडंच होतं. त्याने वाकून पाहिलं, पाइपावरून बोट फिरवलं.

"वा, नरेश भैया! क्या सफाई है! तुमचा हात लागला की कळतंच."

समोशांच्या वेळी नरेश हसला होता. या वेळी त्याने मान वर केली.

"मी हात नाही लावला," तो म्हणाला. "पहिल्या बोल्टपासून तिनेच केलं. मी तर नको म्हणून राहिलो होतो."

चारुदत्त हसला. कोणी सोबत हसलं नाही, तसा थांबला. त्याची नजर वीणाच्या काळ्या नखांवर गेली.

वीणाने पुढे येऊन किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या, तुमची गाडी तयार आहे. माझ्या गाडीत आहे अगदी तसाच इनटेक बसवला. आता उद्या दोघांनीही फक्त स्टिअरिंग धरायचं."