घागरीवरचं नाव

विद्यापीठाच्या नामांतरावरून अख्खं गाव भांडत होतं; मनकर्णा लग्न होऊन आली आणि सासूनं तिचं नाव दैवशाला ठेवलं, तेव्हा मात्र कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी राखेनं घागर घासायला बसली, तर काठावर आधीच 'दैवशाला' कोरलेलं. तेही झिजलेलं. शेजारी छिन्नीनं खोडलेलं आणखी एक नाव बोटाला लागलं. "आत्याबाई, ही घागर कुणाची?" तिनं सासूला विचारलं. "लेकाच्या पहिल्या बायकोची. तिचं माहेरचं नाव म्याच खोडून घेतलं. मागल्या साली तिचं मढं विहिरीत सापडलं." "मग मला तिचं नाव?" "समद्या भांड्यांवर तेच हाय. सारखं कोण खोडत बसंल? तुझ्या बापानं दिलेली भांडीबी ताडकळसच्या बाजारात धाडलीत, तेच नाव घालायला." मनकर्णाचं बोट खोडलेल्या नावावरून हलेना. सासूनं दोर पुढं टाकला. "काय बघायलीस, दैवशाला? ऊठ, विहिरीवर जा."