हलला म्हणजे बरा

उंदराला पाण्यात सोडायचं. हातपाय मारत राहिला तर औषध लागू पडलं, नुसताच तरंगत पडला तर नाही. आमच्या प्लोव्दिवच्या प्रयोगशाळेत उदासीवरचं औषध असं तपासतात आणि वर त्याला विज्ञान म्हणतात. त्या औषधाची फुलं मात्र माझ्या आईची, एन्योव्दनच्या सणाला पहाटेच्या दवात खुडलेली.

काल अर्क पाजलेला उंदीर थांबायलाच तयार नव्हता. सरांनी खुशीत सगळ्यांना राकियाची दारू पाजली. मी घरी येऊन म्हटलं, "आई, जिंकलीस. तुझी फुलं आता देशभर विकली जाणार. तोंड का पाडलंस?"

आईनं त्याच फुलांचा उकळता चहा मोरीत ओतला. मग दारावरच्या शोकपत्रकाकडे बघत राहिली. त्यावर माझ्या भावाचा, ओग्न्यानचा फोटो आहे. दरवर्षी तो गेला त्या दिवशी ती नवं चिकटवते.

"नेवेना, तो सहा महिने अंथरुणात पडून होता ना? मी हा चहा सुरू केला. आठवड्याभरात आपणहून उठला, दाढी केली, बूट घातले. मी शेजारणीला सांगत सुटले, पोरगा बरा झाला गं."



तिनं रिकामं भांडं खाली ठेवलं. "मग तो चालत नदीवर गेला. त्याआधी पुलापर्यंत जायचं बळच नव्हतं त्याच्यात."